उन्हाळी, गोखरू आणि चार दिवस

लघवीला आग होते, थेंब थेंब होते आणि होऊन गेल्यावरही पुन्हा जावेसे वाटते. या त्रासाला मराठी घरांत ‘उन्हाळी लागली’ म्हणतात. तिच्यावरचे पहिले उपाय स्वयंपाकघरातलेच असतात. रात्री ठेचून भिजत घातलेल्या धण्यांचे पाणी सकाळी खडीसाखर घालून घ्यायचे, नाहीतर जिऱ्याचे पाणी, सब्जा, वाळा, शहाळे. एवढ्यावर भागले नाही की काष्ठौषधींच्या दुकानातून गोखरूची पुडी येते. दोन-चार दिवसांत आग थांबते, उरलेला गोखरू डब्यात जातो आणि घरच्या शहाणपणात एक नोंद पक्की होते की गोखरूने गुण येतो. ही नोंद खोटी आहे असे मला म्हणायचे नाही. उन्हाळीत गोखरूचे पाणी पिणाऱ्या बाईला बरे वाटते ते खरेच. पण ते पाण्यामुळे वाटले, गोखरूमुळे वाटले की मधे चार दिवस गेले म्हणून वाटले, हे त्या नोंदीवरून ठरत नाही. आणि ते ठरत नाही तोवर हे औषध कुठवर घ्यायचे आणि कुठे थांबायचे, याचाही अंदाज येत नाही. माझी तक्रार गोखरूविषयी नाही, या न ठरलेल्या हिशेबाविषयी आहे.

गोखरू म्हणजे आपला सराटा. माळरानावर जमिनीला चिकटून पसरणारे, बारीक पिवळ्या फुलांचे तण. त्याचे काटेरी फळ अनवाणी चालणाऱ्याला आधी कळते आणि मग दिसते. शास्त्रीय नाव ट्रिब्युलस टेरेस्ट्रिस. बाजारात ‘मोठा गोखरू’ म्हणून मिळणारी वनस्पती वेगळी, अगदी वेगळ्या कुळातली. तिची ताजी पाने पाण्यात ढवळली की पाणी बुळबुळीत होते. दोन्ही गोखरू लघवीच्या तक्रारींसाठी वापरले जातात. चरकसंहितेत लघवी साफ करणाऱ्या दहा वनस्पतींचा एक गट दिला आहे. त्यात पाषाणभेद, दर्भ, कुश आणि काश यांच्या पंगतीला गोखरू ‘श्वदंष्ट्रा’ या नावाने बसला आहे. दशमुळांतही तो आहे, आवळा आणि गुळवेल यांच्या जोडीने रसायन चूर्णात आहे आणि गोक्षुरादि गुग्गुळाला तर नावच त्याचे. परदेशात हाच सराटा आता व्यायामशाळांतल्या तरुणांना ताकदीची भुकटी म्हणून विकला जातो. पुरुषी संप्रेरक त्याने वाढते हा दावा माणसांवरच्या चाचण्यांत टिकलेला नाही, पण ती बाजारपेठ आपल्या उन्हाळीपेक्षा कितीतरी मोठी आहे.

उन्हाळीत शरीरात नेमके काय चालते ते पाहू. बहुतेक वेळा, विशेषतः स्त्रियांत, तिचे कारण मूत्राशयातला जंतुसंसर्ग असते आणि साध्या संसर्गांपैकी सुमारे तीन चतुर्थांश एकट्या ई. कोलाय या जिवाणूचे असतात. त्याचे मूळ घर आतड्यात. स्त्रीचा मूत्रमार्ग जेमतेम चार सेंटिमीटर लांब आणि त्याचे तोंड गुदद्वाराजवळ, त्यामुळे हा प्रवास त्याला जड जात नाही. वर पोचला की तो केसांसारख्या बारीक तंतूंनी मूत्राशयाच्या अस्तराला चिकटतो. प्रत्येक लघवीबरोबर वाहून जायचे नसेल तर त्याला चिकटणे भागच असते. शरीर प्रतिकार करते, अस्तर सुजते, आणि त्या सुजलेल्या अस्तराला थोडीशी लघवीही सहन होत नाही. म्हणून वारंवार जावे लागते, म्हणून आग होते. त्यातच पुन्हा लघवीला जावे लागेल या भीतीने बाई पाणी कमी पिते, लघवी दाट होते आणि आग वाढते. उन्हाळ्यात घामाने आधीच दाट झालेल्या लघवीला हे अधिकच लागू पडते. संसर्ग नसतानाही नुसत्या दाट लघवीने जळजळ होऊ शकते, आणि घरगुती उपायांच्या यशात या प्रकारच्या उन्हाळीचा वाटा बराच असणार.

आता चार दिवसांचा भाग. जर्मनीत २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत साधा मूत्रसंसर्ग झालेल्या ४९४ स्त्रियांचे दोन गट केले होते. एका गटाला प्रतिजैविक दिले, दुसऱ्याला फक्त आयबुप्रोफेन, म्हणजे जंतूंना हातही न लावणारी वेदनाशामक गोळी. दुसऱ्या गटातल्या सुमारे दोन तृतीयांश स्त्रिया प्रतिजैविकाशिवायच बऱ्या झाल्या. त्रास थोडा जास्त दिवस सोसावा लागला, पण शरीराने काम उरकले. गोखरूच्या नोंदीचा कच्चा दुवा इथे दिसतो. आपोआप बऱ्या होणाऱ्या दुखण्यात पहिल्या दिवशी जे काही घेतले जाईल, त्याला चौथ्या दिवशी श्रेय मिळते. धणे घेतले तर धण्यांना, गोखरू घेतला तर गोखरूला, अंगारा लावला तर अंगाऱ्याला. मात्र त्याच चाचणीत आणखी एक आकडा आहे. आयबुप्रोफेनच्या गटात ५ स्त्रियांचा संसर्ग मूत्रपिंडापर्यंत चढला, प्रतिजैविकाच्या गटात एकीचा. बहुतेकींचे दुखणे आपसूक जाते आणि थोड्यांचे वर चढते. कोणाचे चढणार ते पहिल्या दिवशी सांगता येत नाही.

पाण्याच्या बाजूने मात्र पुरावा चांगला आहे. मूत्राशयाचा संसर्ग वरचेवर होणाऱ्या आणि पाणी कमी पिणाऱ्या १४० स्त्रियांवर बल्गेरियात वर्षभर एक चाचणी झाली. तिचे निष्कर्ष २०१८ मध्ये प्रसिद्ध झाले. निम्म्या स्त्रियांना रोजच्यापेक्षा दीड लिटर पाणी जास्त प्यायला सांगितले होते. त्यांना वर्षात सरासरी १.७ वेळा त्रास झाला, उरलेल्यांना ३.२ वेळा. साध्या पाण्याने त्रास जवळजवळ निम्म्यावर आला. म्हणजे धण्याचे पाणी, वाळ्याचे पाणी, शहाळे, गोखरूचे पाणी या सगळ्यांत जे समान आहे तेच, निदान पुढचा त्रास टाळण्यापुरते, पुराव्याने सिद्ध झालेले आहे. नुसते पाणी पी म्हटले तर कोणी ऐकत नाही; त्यात खडीसाखर, धणे आणि आजीचा आग्रह आला की तेच पाणी तांब्याभर जाते. घरगुती उपायाची ही बाजू मला मोलाची वाटते. फक्त चतुर्थांश उरेपर्यंत आटवलेल्या काढ्याला ती फारशी लागू नाही, कारण कपभर काढ्यात पाणी कपभरच असते.

मग गोखरूचे स्वतःचे असे काही उरते का? कर्नल रामनाथ चोप्रा यांनी भारतीय औषधींवरच्या १९३३ च्या ग्रंथात गोखरूच्या मूत्रल गुणाचे कारण त्यातल्या नायट्रेट क्षारांत शोधले होते. पुढे उंदरांना त्याचा अर्क दिल्यावर लघवीचे प्रमाण वाढल्याचे दिसले. मूतखड्यातले ऑक्झलेटचे स्फटिक परीक्षानळीत वाढायला तो अटकाव करतो असेही प्रयोग आहेत. हे सगळे आशा ठेवण्यापुरते आहे. उंदराची लघवी वाढणे आणि माणसाच्या मूत्राशयातला जंतू हटणे यांत अंतर बरेच आहे. जगातल्या दुसऱ्या एका वनौषधीने ते अंतर ओलांडून पाहिले आहे आणि तिची कथा आपल्याला उपयोगी पडेल. युरोपात लघवीच्या आगीवर शतकानुशतके ‘युवा उर्सी’ या झुडपाची पाने वापरतात. त्यातल्या अर्ब्युटिनपासून शरीरात जंतुनाशक द्रव्य तयार होते, म्हणजे कागदावर तिची बाजू गोखरूपेक्षा भक्कम. ब्रिटनमध्ये २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत तिने आग कमी केली नाही. जर्मनीतल्या चाचणीत तिच्यामुळे प्रतिजैविकांचा वापर खूप घटला खरा, पण स्त्रियांना त्रास जास्त सोसावा लागला आणि मूत्रपिंडापर्यंत संसर्ग चढलेल्यांची संख्या ८ विरुद्ध २ अशी भरली. उलट क्रॅनबेरीच्या बाबतीत ५० अभ्यासांचा एकत्रित आढावा २०२३ मध्ये आला. वारंवार संसर्ग होणाऱ्या स्त्रियांत ती पुढचा संसर्ग सुमारे एक चतुर्थांशाने टाळते, असा त्याचा निष्कर्ष होता. झालेला संसर्ग तिने बरा होतो असे मात्र त्यात नाही. (आपले करवंद म्हणजे क्रॅनबेरी नव्हे, दुकानदार काहीही म्हणो.) वनौषधी परीक्षेला बसल्या की एक नापास होते, एक एकाच विषयात पास होते, आणि हे आधी कोणालाच ठाऊक नसते.

यावर पहिला आक्षेप ठरलेला आहे: हजारो वर्षांचा अनुभव काय वाया जाईल? अनुभवाचा मान ठेवायचा तर तो पूर्ण वाचावा लागेल. चरकांनी मूत्रकृच्छ्राचे, म्हणजे कष्टाने होणाऱ्या लघवीचे, आठ प्रकार सांगितले. वातज, पित्तज, कफज असे करत ते मूतखड्यामुळे होणाऱ्यापर्यंत जातात, आणि प्रत्येकाची चिकित्सा वेगळी सांगतात. ‘उन्हाळी लागली, गोखरू घे’ हा सल्ला चरकांचा नाही, तो ग्रंथाचा शेवटचा उरलेला तुकडा आहे. सुश्रुतांची भूमिका तर याहून कडक. मूतखडा नवा आणि लहान असेल तोवर औषध, वाढल्यावर शस्त्रकर्म. आणि त्या शस्त्रकर्मातही कुशल वैद्याच्या हातून यश येईलच असे नाही, म्हणून राजाची परवानगी घेऊनच हात घालावा, असे ते बजावतात. औषधाची हद्द आखणारी ही परंपरा आहे. आज रिक्षाच्या पाठीवर मूतखडा अमुक दिवसांत पाडून देण्याची हमी वाचायला मिळते, ती सुश्रुतांना पटली नसती. औषधे आणि जादूचे उपाय यांच्या आक्षेपार्ह जाहिरातींविषयीच्या १९५४ च्या केंद्रीय कायद्यालाही ती चालत नाही; मूतखडा त्याच्या परिशिष्टात नावानिशी आहे. शिवाय मूतखड्याचेही गणित उन्हाळीसारखेच आहे. पाच मिलिमीटरपर्यंतचे बहुतेक खडे आपणच पडतात आणि पानफुटीची दोन पाने किंवा कुळथाचे कढण त्याचे श्रेय घेऊन जाते. भारतात सर्वत्र खपणाऱ्या, पाषाणभेद असलेल्या एका गोळीची अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमध्ये वर्षभर तपासणी झाली. रुग्ण अगदी थोडे होते, पण त्यांच्या लघवीच्या घटकांत फरक पडला नाही आणि खडेही लहान झाले नाहीत.

दुसरा आक्षेप घरातल्या वडीलधाऱ्यांचा असतो: फायदा नाही झाला तर नाही, तोटा तर नाही ना? धणे-जिऱ्याच्या बाबतीत हे बहुतांशी मान्य करता येईल. गोखरूच्या बाबतीत नाही. इराणमधल्या डॉक्टरांनी २०१० मध्ये एका तरुणाची हकिगत प्रसिद्ध केली आहे. मूतखडा होऊ नये म्हणून त्याने दोन दिवस रोज दोन लिटर गोखरूचे पाणी प्यायले होते. त्याला झटके आले, यकृताला आणि मूत्रपिंडांना इजा झाली; पाणी बंद केल्यावर तो सुधारला. अशी प्रकरणे विरळ आहेत, आणि एका हकिगतीवरून गोखरूला विष ठरवणे हाही तोच न ठरलेला हिशेब होईल. पण मूत्रपिंडे आधीच दुबळी असलेल्याने, रक्तदाबाची किंवा हृदयाची औषधे चालू असलेल्याने क्षारयुक्त मूत्रल काढा आपल्या मनाने घेऊ नये एवढे त्यातून नक्की निघते. दुसरा धोका वनस्पतीच्या ओळखीचा. मुंबईत २०२० च्या अखेरीस गुळवेल घेणाऱ्या सहा रुग्णांच्या यकृताला इजा झाल्याचे डॉक्टरांनी नोंदवले, तेव्हा आयुष मंत्रालयाचे म्हणणे होते की ती गुळवेल नसावी, तिच्यासारखी दिसणारी दुसरी वेल असावी. खुलासा मान्य केला तरी ग्राहकाच्या हाती काय उरते? पुडीत नेमके काय आहे हे त्याला कळत नाही, एवढेच. पाषाणभेदाच्या नावाखाली तर प्रांतागणिक निरनिराळ्या वनस्पती विकल्या जातात. बेल्जियममध्ये १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला वजन कमी करण्याच्या औषधात एका चिनी मुळीऐवजी तिच्याशी नामसाधर्म्य असलेली ॲरिस्टोलोकिया आली आणि शंभराहून अधिक स्त्रियांची मूत्रपिंडे बिघडली. कितीतरींना पुढे डायलिसिस किंवा प्रत्यारोपण लागले, काहींना मूत्रमार्गाचा कर्करोग झाला.

तिसरा आक्षेप मला सर्वांत वजनदार वाटतो, आणि तो डॉक्टरांच्याच बाजूने येतो. प्रतिजैविकांचे आपण काय करून ठेवले आहे? औषधाच्या दुकानात ‘युरिन इन्फेक्शन’ म्हटले की चिठ्ठीशिवाय गोळ्यांची पट्टी हातात पडते. दोन दिवसांनी आग थांबली की उरलेल्या गोळ्या पुढच्या वेळेसाठी राखून ठेवल्या जातात. नॉरफ्लॉक्सासिनच्या जातीची औषधे आपल्याकडच्या ई. कोलायवर मोठ्या प्रमाणात निकामी झाली आहेत, तिसऱ्या पिढीच्या सेफॅलोस्पोरिनांचीही तीच गत आहे. गंमत अशी की १९५० च्या दशकातले नायट्रोफ्युरँटॉइन साध्या मूत्राशय-संसर्गावर अजून चांगले चालते. अशा परिस्थितीत पहिले दोन दिवस पाणी आणि वेदनाशामक यांवर काढणे, निरोगी तरुण स्त्रीच्या बाबतीत आणि डॉक्टरांच्या माहितीने, हा मागासपणा नाही. युरोपातले डॉक्टरही आता हा पर्याय रुग्णापुढे ठेवतात. त्या दोन दिवसांत धण्याचे पाणी प्यायले तर बिघडत काहीच नाही. माझा विरोध आहे तो दोन दिवसांचा आठवडा होण्याला.

थंडी वाजून ताप आला, कुशीत किंवा पाठीत बरगडीखाली दुखू लागले, उलट्या झाल्या, तर संसर्ग वर चढला असे समजून त्याच दिवशी डॉक्टर गाठावा. खडा अडकलेला असताना ताप येणे ही तर तासांच्या हिशेबाने धोक्याची अवस्था आहे. गरोदर बाईला आग नसली तरी लघवीत जंतू निघाले तर उपचार लागतात, कारण तिच्यात संसर्ग वर चढण्याचा धोका जास्त असतो. गोखरू तर तिने घेऊच नये. पुरुष आणि लहान मूल यांची उन्हाळी साधी समजू नये. मधुमेह्याचीही नाही. त्यातही डापाग्लिफ्लोझिनसारखी, साखर लघवीवाटे बाहेर टाकणारी औषधे आता अनेकांना चालू असतात. त्यांच्यामुळे बाहेरच्या भागाला बुरशीचा संसर्ग होतो, आग तशीच होते, आणि त्यावर ना गोखरू चालतो ना प्रतिजैविक. लघवीत रक्त दिसले आणि वय पन्नाशीच्या पुढे असेल, तर आग थांबल्यावरही तपासणी सोडू नये. कल्चरसाठी लघवी द्यायची ती मधल्या धारेची आणि प्रतिजैविक सुरू करण्यापूर्वी; अहवालाला दोन-तीन दिवस लागतात, पण कोणते औषध चालेल ते त्यातूनच कळते.

आणि पाणी प्यायचे म्हणताना ते जाणार कुठे याचाही विचार हवा. बाजारात भाजी विकणारी, बंदोबस्ताला उभी असलेली, उसाच्या फडात राबणारी बाई पाणी पीत नाही ते अज्ञानाने नव्हे, जायला जागा नसते म्हणून. मुंबईत २०११ पासून ‘राइट टू पी’ ही मोहीम स्त्रियांसाठी मोफत, स्वच्छ मुताऱ्यांची मागणी करते आहे. मूत्रमार्गाच्या आरोग्यासाठी तिचे काम कोणत्याही चूर्णापेक्षा मोठे आहे असे माझे मत आहे.

गोखरूची नीट परीक्षा का झाली नाही याचे उत्तर कटकारस्थानात शोधायची गरज नाही, ते नियमात आहे. ग्रंथोक्त आयुर्वेदिक औषधाला परवाना मिळण्यासाठी ग्रंथाचा आधार पुरतो, रुग्णांवरच्या चाचणीची सक्ती नाही. विकायला चाचणी लागत नसेल तर उत्पादक तिच्यावर पैसे कशाला घालील? सरकारी संस्थांनी, विद्यापीठांनी हे काम उचलायला हवे. नाशिकचे महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ आयुर्वेद आणि आधुनिक वैद्यक या दोन्ही शाखांची महाविद्यालये एकाच छत्राखाली सांभाळते, त्यामुळे अशी चाचणी महाराष्ट्रात अवघड नाही. ओळख पटवलेला गोखरू घ्यायचा, त्याच्याच चवीची आणि रंगाची निष्क्रिय पूड तयार करायची, गरोदर नसलेल्या, ताप नसलेल्या तरुण स्त्रियांत चिठ्ठ्या टाकून दोन गट करायचे, पाणी दोन्ही गटांना सारखेच द्यायचे. मग तिसऱ्या दिवशी आग किती उरली, किती जणींना अखेर प्रतिजैविक लागले आणि दोन्ही गटांत किती जणी ताप घेऊन परत आल्या, हे मोजायचे.